खेळांतील राष्ट्र व मराठ्यांचें राज्य

संगणकावर खेळल्या जाणाऱ्या ऐतिहासिक खेळांचा विचार संशोधन-मंडळाच्या त्रैमासिकांत व्हावा, हें आमच्या कांहीं वृद्ध सभासदांस रुचणार नाहीं. शकावल्या, वंशावळी, ताम्रपट आणि महजर यांच्या पंक्तीस हा पोरखेळ कोठून येऊन बसला, असें ते विचारतील. त्यांस आमचें उत्तर इतकेंच कीं, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलास अठराव्या शतकांतील हिंदुस्थानचा नकाशा आज पुष्कळदां प्रथम दिसतो तो संगणकाच्या पडद्यावर. शाळेच्या भिंतीवरील नकाशा नुसता पाहावयाचा असे. हा हलवावयाचा असतो. मूल त्यांतील एक रंग उचलतें, त्या रंगाचा राजा होतें, शंभर वर्षें राज्य करितें, आणि उठतांना 'मराठ्यांचें राष्ट्र म्हणजे हें' अशी एक पक्की समजूत बरोबर घेऊन उठतें. ती समजूत कोणी घडविली, तींत खरें किती आणि सोयीचें किती, हें तपासून पाहणें इतिहासाच्या अभ्यासकाचें काम नव्हे काय?

प्रसंग असा घडला. आमचा एक जुना विद्यार्थी अशाच एका खेळाच्या रचनेंत गुंतलेला आहे. खेळाचा काळ १७०० ते १८१८ आणि भूमि नर्मदेपासून कावेरीपर्यंत. खेळणारानें हातीं घ्यावयाच्या प्रत्येक राष्ट्राचा एक तक्ता त्यास पाहिजे होता. त्यांत घरें दहा: नांव, राजा, राजधानी, रंग, प्रांत, उत्पन्न, सैन्य, मित्र, शत्रु आणि जिंकण्याची अट. निजामाचा, इंग्रजांचा व पोर्तुगीजांचा तक्ता त्यानें स्वतःच भरला होता. 'मराठे' हा तक्ता तेवढा आम्हांकडे पाठवून चार दिवसांत भरून द्यावा अशी विनंति त्यानें केली. चार दिवसांचे चार महिने झाले. 'सैन्य' आणि 'शत्रु' हीं दोन घरें कशींबशीं भरलीं. बाकीच्या घरांत आज जें लिहावें तें उद्यां खोडावें लागे. असें कां व्हावें, हें येथें मांडावयाचें आहे.

प्रथम 'राष्ट्र' या शब्दाकडेच पाहूं. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत राज्याचीं सात अंगें मोजलीं आहेत. त्यांत स्वामी, अमात्य, पुर, कोश, दंड व सुहृद् यांच्याबरोबर राष्ट्र हें एक अंग आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत त्याच जागीं 'जनपद' हा शब्द येतो. म्हणजे जुन्या परिभाषेंत राष्ट्र हा लोकवस्तीचा व उत्पन्नाचा मुलूख होय. सातांतील एक अंग. अर्वाचीन मराठींत आपण हा शब्द सबंध देहास लावूं लागलों, आणि खेळ रचणारांनीं तर या अंगाचा देह करून दाखविला: नकाशावर रंगविलेला तुकडा हेंच राष्ट्र, तो वाढला म्हणजे राष्ट्र वाढलें, तो पुसला गेला म्हणजे राष्ट्र मेलें. स्वामी कैदेंत आहे, अमात्य दुसऱ्याच गांवीं आहे, कोश सावकाराकडे गहाण आहे, आणि तरीहि राज्य चाललें आहे, अशी स्थिति ज्या देशांत शंभर वर्षें होती, त्या देशाचा इतिहास एका रंगांत कसा मावणार?

आमच्या पूर्वजांस खेळांतील राजांची ही अडचण अगदींच अपरिचित होती असें नाहीं. दोन हातांच्या बुद्धिबळांत दोन सारखे राजे समोरासमोर असतात आणि कोणासच देश नसतो. तेथें प्रश्नच उद्भवत नाहीं. परंतु फांशांनीं खेळावयाचें चौघांचें चतुरंग, ज्याचें वर्णन अल्बेरुनीनें अकराव्या शतकांत केलें आहे व ज्याचे नियम बंगालच्या रघुनंदनाच्या तिथितत्त्वांत सांपडतात, त्यांत एक मोठी मार्मिक गोष्ट आहे. चार राजांपैकीं दोघे दोघे मित्र. पण एका राजानें आपल्याच मित्राचें सिंहासन गांठलें तर त्यास दोन्ही सैन्यांचें आधिपत्य मिळतें. मित्राच्या गादीवर बसण्यांत नफा आहे, हें ज्या खेळाड्यास ठाऊक होतें, त्यास १७१३ नंतरच्या साताऱ्याचा इतिहास समजावून सांगण्याची फारशी गरज पडली नसती.

आणि कौटिल्य! शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं म्हैसूर येथें छापलेलें अर्थशास्त्र उघडून सहावें अधिकरण पाहावें. विजिगीषु, त्याचा अरि, मित्र, अरिमित्र, मित्रमित्र, अरिमित्रमित्र. पाठीमागें पार्ष्णिग्राह व आक्रंद, त्या दोघांचे आसार. शिवाय मध्यम आणि उदासीन. असे बारा राजे; प्रत्येकाच्या अमात्यादि पांच प्रकृति; मिळून बहात्तर. तक्ता भरून मागणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यास हें दाखविलें तेव्हां तो हंसून म्हणाला, 'सर, हा मनुष्य आमच्याच धंद्यांतला.' त्यांत थोडें तथ्य आहे. स्वीडनांतील पॅराडॉक्स या मंडळीनें २०१३ सालीं काढलेल्या 'युरोपा युनिव्हर्सालिस'च्या चौथ्या भागांत प्रत्येक राजाच्या अंगीं कारभार, परराष्ट्रनीति व युद्ध अशीं तीन बळें आंकड्यांनीं मोजतात. आमच्याकडे प्रभुशक्ति, मंत्रशक्ति व उत्साहशक्ति या तीन फार पूर्वींपासून मोजल्या जात. परंतु मंडलसिद्धान्तांतील खरी खोंच निराळी आहे. 'विजिगीषु' हें कोणा एका राजाचें नांव नव्हे, ती एक जागा आहे. जो कोणी त्या जागीं उभा राहून पाहील त्याच्याभोंवतीं मंडल बसतें. म्हणून 'कोणतें राष्ट्र खेळतां येईल' या प्रश्नाचें शास्त्रशुद्ध उत्तर 'ज्याच्यापाशीं सात अंगें थोडीबहुत आहेत तें कोणतेंहि' असें येतें. वर सांगितलेल्या स्वीडिश खेळांत नकाशावरील बहुतेक कोणतेंहि राज्य, लहान असो वा मोठें, खेळणारास घेतां येतें. या एका बाबतींत तो कौटिल्याच्या जवळ आहे.

आतां नांव आणि आरंभाचें वर्ष. हीं दोन्ही एकाच गांठीनें बांधलेलीं आहेत. इंग्लंडांतील क्रिएटिव्ह असेंब्ली या मंडळीचा 'एम्पायर : टोटल वॉर' हा खेळ २००९ सालीं निघाला. युरोप, अमेरिका व हिंदुस्थान अशा तीन रंगणांवर तो चालतो व १७०० सालीं सुरू होतो. खेळावयास मिळणाऱ्या मोजक्या राष्ट्रांत ब्रिटन, फ्रान्स, रशिया, प्रशिया यांच्या बरोबरीनें मराठ्यांस जागा मिळाली, हें आम्ही कौतुकानें नमूद करितों. परंतु त्या राष्ट्रास दिलेलें नांव आहे 'मराठा कॉन्फेडरसी', म्हणजे मराठा संघ. १७०० सालीं हा संघ होता कोठें? त्या वर्षाच्या मार्चांत राजाराम महाराज सिंहगडावर वारले. एप्रिलांत सातारचा किल्ला औरंगजेबाच्या हातीं पडला. जिंजी दोनच वर्षांपूर्वीं गेली होती. शाहु महाराज १६८९ पासून मोगलांच्या छावणींत अडकलेले. ताराबाई आपल्या अल्पवयी पुत्राच्या नांवानें, किल्ल्यामागून किल्ला जात असतां, राज्य चालवीत होत्या. ज्या सरदारी घराण्यांच्या जुटीस पुढें संघ म्हणूं लागले, त्यांपैकीं मल्हारराव होळकर तेव्हां सात वर्षांचे होते. आणि ज्या पुरुषाच्या स्वाऱ्यांमुळें ती जूट उभी राहिली तो पहिला बाजीराव त्याच वर्षाच्या ऑगस्टांत जन्मास आला. पंचवीस-तीस वर्षांनीं ज्या वस्तूचा उदय व्हावयाचा, तिचें नांव मोडकळीस आलेल्या गडकोटांवर चिकटविलें आहे. खेळणाऱ्या मुलास १७०० सालचें खरें नाट्य, म्हणजे राजा नाहीं, राजधानी नाहीं, आणि तरी शत्रु थकत चालला आहे, तें यामुळें दिसतच नाहीं.

स्वीडिश खेळ आरंभ करितो ११ नोव्हेंबर १४४४ रोजीं. हा दिवस वार्नाच्या लढाईचा दुसरा दिवस. तुर्कांनीं ख्रिस्ती सैन्याचा तेथें मोड केला. युरोपच्या दृष्टीनें तारीख चांगली निवडली आहे. दक्षिणेस त्या दिवशीं विशेष असें कांहींच घडलें नाहीं: विजयनगरास दुसरा देवराय आणि बेदरास दुसरा अल्लाउद्दीन अहमद नांदत होते. तेव्हां मराठे या नांवाचें राज्य नकाशावर नाहीं. मराठी संस्कृतीचें म्हणून गणलेलें एखादें राज्य ठराविक अटी पुऱ्या करून पुढें तें नांव धारण करूं शकतें. ही योजना आम्हांस अधिक प्रामाणिक वाटते. तथापि तिच्यांतहि सह्याद्रि बहामनी रंगाखालीं सपाट होऊन गेला आहे. त्याच पंधराव्या शतकाच्या मध्यास खेळण्याच्या, म्हणजे पुढच्या विशाळगडाच्या, रानांत शिर्क्यांनीं बहामनी सरदार खलफ हसन याच्या फौजेची काय गत केली, हें फेरिस्त्यानें लिहून ठेविलेलें आहे. ज्या अरण्यांत सुलतानाची फौज जिवंत परत येत नाहीं, तें अरण्य सुलतानाच्या रंगाचें कसें?

अमेरिकेंतील 'सिव्हिलिझेशन' या जुन्या मालिकेविषयीं येथें फार लिहीत नाहीं. १९९१ च्या पहिल्या खेळांत सबंध हिंदुस्थान एक राष्ट्र व त्याचे पुढारी महात्मा गांधी होते; २०२५ च्या सातव्या खेळांत मौर्य, चोल आणि मोगल हे तीन युगांचे तीन भाग केले आहेत. सुधारणा आहे, परंतु तो खेळ मुळांत इतिहासाचा कमी आणि कल्पनेचा अधिक, म्हणून त्याजकडून फार मागूंहि नये.

आम्हीं आमच्या विद्यार्थ्यास सुचविलें कीं, आरंभ १७१९ करावा. त्या वर्षीं बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून स्वराज्याची, चौथाईची व सरदेशमुखीची अशा सनदा घेऊन आले. म्हणजे आपल्या हातांत निदान एक लेखी दस्तऐवज येतो आणि त्यावर तक्ता रचतां येतो. परंतु हाच दस्तऐवज 'प्रांत', 'रंग' व 'उत्पन्न' या तीन घरांचा घात करितो, आणि माझ्या वाचकांनीं येथें थोडा धीर धरावा, कारण सगळ्या प्रकरणाचें मर्म येथें आहे.

सनदांप्रमाणें मराठ्यांचे हक्क तीन प्रकारचे. स्वराज्य, म्हणजे शिवाजी महाराजांच्या अखेरीस त्यांच्या ताब्यांत असलेला मुलूख, कांहीं भाग वगळून. तेथें सर्व अंमल मराठ्यांचा. खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बेदर, हैदराबाद व विजापूर या दक्षिणच्या सहा सुभ्यांत चौथाई, म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा. आणि त्याच सहा सुभ्यांत शेंकडा दहा सरदेशमुखी, ती वतन म्हणून. याच्या बदल्यांत शाहु महाराजांनीं दहा लक्ष रुपये पेशकश द्यावी आणि पंधरा हजार फौज बादशाही चाकरीस ठेवावी. आतां खेळ रचणारास विचारूं कीं, अशा सहा सुभ्यांस तो कोणता रंग देणार? कागदोपत्रीं मुलूख बादशहाचा. मराठा राजा हा बादशहास पेशकश देणारा. आणि तोच राजा बादशहाच्या रयतेकडून शेंकडा पस्तीस घेणारा. यांत मांडलिक कोण आणि खंडणी घेणारा कोण?

एका गांवाचें उदाहरण करून पाहूं. वसूल हजार रुपये धरला तर स्थूल मानानें चौथाई अडीचशें व सरदेशमुखी शंभर. सरदेशमुखी छत्रपतींची. चौथाईची मात्र आणखी फोड. शेंकडा पंचवीस बाबती, म्हणजे ६२॥ रुपये, राजाच्या. शेंकडा सहा साहोत्रा, म्हणजे १५ रुपये, पंत सचिवांच्या. शेंकडा तीन नाडगौडा, म्हणजे ७॥ रुपये, राजा देईल त्याच्या. उरलेला मोकासा १६५ रुपये, तो सरदारांच्या फौजेचा. बाकीचे साडेसहाशें निजामाच्या अंमलदाराचे. त्यांतूनहि पाटील, कुळकर्णी, देशमुख, देशपांडे यांचे हक्क निघावयाचे ते निराळेच. एका गांवच्या चावडीवर निजामाचा अंमलदार आणि मराठ्यांचा कमाविसदार दोघेहि बसत, आणि यासच दुअंमल म्हणत. हा अपवादहि नव्हे. अहमदाबादेसारखें मोठें शहर १७३८ पासून १७५३ पर्यंत मोगल व मराठे यांच्या समाईक अंमलाखालीं होतें. रंगाच्या नियमानें पाहिलें तर तें कोणाचेंच नव्हतें. कागदांच्या नियमानें तें दोघांचेंहि होतें.

हे हक्क असे एकांत एक विणलेले होते म्हणूनच त्यांवरून युद्धें झालीं, हें ध्यानीं घ्यावें. १७२७ सालीं निजामुल्मुल्कानें चौथाईचा वसूल अडविला तो 'मी देत नाहीं' असें म्हणून नव्हे. साताऱ्याचे शाहु आणि कोल्हापूरचे संभाजी यांपैकीं खरा धनी कोण तें आधीं ठरवा, मग देतों, असें त्याचें म्हणणें. हा डाव मोठा कसबी होता: पैसाहि वांचला आणि भाऊबंदकीहि पेटली. त्याचा निकाल १७२८ च्या फेब्रुवारींत पालखेडास लागला. एकरंगी नकाशाच्या खेळांत पालखेडची मोहीम बाजीरावानें कशासाठीं केली हेंच समजत नाहीं, कारण तींत सहा सुभ्यांचा एक प्रांतहि रंग बदलीत नाहीं. घोडदौडीचें तें अजोड काम खेळणारास व्यर्थ वाटतें! आमच्या मतें ज्या खेळांत पालखेड व्यर्थ ठरतें, त्यानें दक्षिणच्या अठराव्या शतकाचें नांव घेऊं नये.

आज्ञापत्रांत, जें साधारण १७१५ चें व रामचंद्रपंत अमात्यांचें मानतात, वतनदार हे राज्याचे भागीदारच होत असा विचार येतो व त्यांस आवरून कसें ठेवावें याची चर्चा आहे. डच विद्वान आंद्रे विंक यांनीं १९८६ च्या आपल्या ग्रंथांत तोच धागा पुढें ओढून, फितवा हा राज्य बिघडल्याचा रोग नसून राज्य वाढण्याची नेहमींची रीत होती, असा सिद्धांत मांडला. तो सर्वांशीं मान्य करण्यास आम्ही तयार नाहीं. धनाजी-संताजींच्या काळांतील कित्येकांची निष्ठा या हिशेबांत बसत नाहीं. तथापि तक्ता भरणारानें तो ग्रंथ वाचावा हें बरें.

यापुढें प्रश्न येतो खेळणारा कोण, याचा. आमच्या तक्त्यांतील 'राजा' हें घर. १७०० त येथें ताराबाईंचे पुत्र शिवाजी. १७०८ पासून साताऱ्यास शाहु. कोल्हापूरकरांची गादी १७३१ च्या वारणेच्या तहानें कायमची वेगळी झाली. तंजावरासहि भोसलेच, त्यांचा कारभार १७९९ मध्यें आणि गादी १८५५ मध्यें गेली. 'मराठे' या एका तक्त्यांत हीं तीन सिंहासनें घालावयाचीं कीं तीन तक्ते करावयाचे? त्यांतून १७४९ च्या डिसेंबरांत शाहु महाराज वारल्यावर साताऱ्याचे छत्रपति नांवाचे धनी व पुण्याचे पेशवे कामाचे धनी झाले. वस्त्रें साताऱ्याहून, हुकूम पुण्याहून.

परंतु सर्वांत बोलकें उदाहरण १७५६ चें. कान्होजी आंग्र्यांनीं उभारलेलें आरमार हें मराठ्यांचें समुद्रावरील बळ. त्या वर्षाच्या फेब्रुवारींत वॉट्सन व क्लाइव्ह यांच्या नेतृत्वाखालील इंग्रजी काफिल्यानें विजयदुर्गाच्या बंदरांत तुळाजी आंग्र्यांचीं गलबतें जाळून टाकिलीं, आणि किनाऱ्यावरून वेढा घालून इंग्रजांस साहाय्य करीत होती ती पेशव्यांचीच फौज. तुळाजींनीं शरण येऊन उरलेलें आयुष्य पेशव्यांच्या कैदेंत घालविलें. आतां कल्पना करावी कीं, संगणकापुढें बसलेला मुलगा 'मराठे' हें राष्ट्र खेळत आहे. आपलेंच आरमार परक्याकडून जाळून घेण्याची कळ तो कधीं दाबील काय? त्याच्या पडद्यावर तशी कळच नसते. खेळ त्यास मूर्खपणा करूं देत नाहीं, आणि म्हणून तो मूर्खपणा शहाण्या माणसांस शहाणपणाचा कां वाटला, हें त्यास कळण्याची वाटच बंद होते. तुळाजी हा नानासाहेबांच्या दृष्टीनें कोंकणांतील हुकूम न मानणारा प्रतिस्पर्धी होता; त्याचें आरमार हें 'आपलें' आहे हा विचार करण्यास जें 'आपण' लागतें, तेंच तेथें पुरतें तयार झालेलें नव्हतें. तीच गोष्ट २५ ऑक्टोबर १८०२ ची. हडपसरास यशवंतराव होळकरांनीं पेशवे व शिंदे यांच्या फौजेचा मोड केला, बाजीराव वसईकडे पळाला, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशीं त्यानें इंग्रजांशीं तह केला. पुढच्या वर्षीं शिंदे व भोसले लढले तेव्हां होळकर दूर राहिला. १८०४ त होळकर लढला तेव्हां तो एकटा होता. एका खेळणाराच्या हातीं पांच घराणीं दिलीं तर हा इतिहास घडतच नाहीं. तो घडण्यास पांच खेळणारे पाहिजेत.

असे खेळ झाले आहेत. कोल वेर्ली या अमेरिकन रचनाकाराच्या 'पॅक्स पामीर' या पटावरच्या खेळांत, जो २०१५ त निघाला, खेळणारे कोणत्याहि राष्ट्राचे राजे नसतात. ते एकोणिसाव्या शतकांतील अफगाण सरदार असतात. इंग्रज, रशियन व अफगाण हे तीन पक्ष त्यांच्या डोक्यावर असतात, आणि सरदार सोयीप्रमाणें पक्ष बदलितो. २०२४ मध्यें निघालेल्या 'विजयनगर' या खेळांत दिल्ली, बहामनी व विजयनगर असे तीन असमान पक्ष १२९० ते १३९८ या काळांत खेळतात. त्यांतील दोन राज्यें १२९० सालीं जन्मलींहि नव्हतीं, विजयनगर १३३६ चें व बहामनी १३४७ चें; तरी दक्षिणेकडे दक्षिणेच्या जागेवरून पाहण्याचा तो प्रयत्न आहे, आणि आम्हीं तो आमच्या विद्यार्थ्यापुढें ठेविला.

त्याचे आक्षेप येथें न देणें अन्यायाचें होईल. तो म्हणाला, 'सर, खेळणारास पहिल्या घटकेंत आपण कोण आणि आपलें काय, हें कळलें पाहिजे. बाबती आणि साहोत्रा समजावीत बसलों तर तो उठून जाईल.' शिवाय त्याच्या पुढें भांडवल घालणारांचा आग्रह होता कीं, मराठ्यांचें राष्ट्र एकच, भगव्या रंगाचें व बलाढ्य असावें. महाराष्ट्रांतील मुलें तेंच मागतील. या दुसऱ्या आक्षेपानें आम्हांस वाईट वाटलें. कारण त्यांत मुलांच्या बुद्धीचा अपमान आहे. मुलांस आपल्या पूर्वजांचा पराक्रम पाहिजे असतो हें खरें, पण तो पराक्रम कोणत्या अडचणींतून झाला हें झांकलें तर त्यांत पराक्रम उरतो किती? पहिला आक्षेप मात्र वजनदार होता. खेळ म्हणजे बखर नव्हे, हें आम्ही मान्य करितों. म्हणून तडजोड अशी ठरली कीं, प्रांताचा रंग काढून टाकूं नये. परंतु प्रत्येक प्रांताच्या उत्पन्नाचे शेंकडा हिस्से वेगळे दाखवावे व ते हिस्से लढून, विकत घेऊन किंवा सनदेनें मिळवितां यावे. आणि 'मराठे' हा तक्ता मोडून छत्रपति सातारा, छत्रपति कोल्हापूर, पेशवे, आंग्रे, नागपूरकर भोसले, गायकवाड, शिंदे व होळकर असे आठ करावे. जंजिऱ्याच्या सिद्दीस नववा तक्ता आमच्या आग्रहानें मिळाला. मराठ्यांस तो किल्ला शेवटपर्यंत घेतां आला नाहीं व तें संस्थान १९४८ पर्यंत टिकलें; त्याच्या 'जिंकण्याची अट' या घरांत आम्हीं 'टिकून राहणें' एवढेंच लिहिलें. आठांपैकीं कोणाचेंहि इतकें सोपें घर नव्हतें.

रंगाचा वाद थोडक्यांत मिटला: सातारा व कोल्हापूर यांस भगव्याच्या दोन छटा, बाकीच्यांस त्यांच्या त्यांच्या निशाणाप्रमाणें. सैन्याच्या तक्त्यांत गारदी, पेंढारी, शिलेदार, बारगीर हे शब्द तसेच ठेवावे, त्यांचीं इंग्रजी नांवें करूं नयेत, हें आमचें म्हणणें त्यानें विनातक्रार ऐकलें.

त्याच्या चार मित्रांनीं हा कच्चा खेळ आठ-दहा वेळां खेळून पाहिला. त्याचें टिपण त्यानें आम्हांस वाचून दाखविलें. निजाम खेळणाऱ्या तरुणानें दुसऱ्याच डावांत असा हिशेब केला कीं, पेशव्याशीं लढण्यास जो खर्च येतो त्यापेक्षां चौथाई देणें स्वस्त. आणि चौथाई देऊन त्यानें कोल्हापूरकरांशीं पत्रव्यवहार सुरू केला. त्यानें पालखेडचें नांवहि ऐकलेलें नव्हतें. पेशवे खेळणारी मुलगी तीन डाव आंग्र्यांकडे कोंकणच्या जकातीचा हिस्सा मागत राहिली. चौथ्या डावांत तिनें इंग्रजांशीं तह केला. आंग्रे खेळणारा मुलगा रागावून उठून गेला, असें टिपणांत लिहिलें आहे. विजयदुर्गाची हकीकत त्या दोघांसहि माहीत नव्हती, हें आम्हीं दोनदां विचारून खात्री करून घेतलें.

पुढें ती हकीकत त्यांस सांगितली तेव्हां त्या मुलीनें विचारलें कीं, पेशव्यांस नंतर पश्चात्ताप झाला काय. आम्हीं तिला १७५५ चा इंग्रजांशीं झालेला करार व त्यापुढील प्रकरण वाचावयास दिलें आहे.

आतां एकच घर शिल्लक आहे: १७४९ नंतरच्या साताऱ्याच्या तक्त्यांतील 'राजा'. त्या घरांत आम्हीं रामराजे यांचें नांव लिहिलें व त्याखालीं पेशव्यांचें. घरांत एकच नांव मावतें, असें विद्यार्थ्यानें कळविलें आहे. घर रुंद करावें, असें आम्हीं उलट टपालीं लिहिलें.